रिकामी लिफ्ट उतरताना

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भिंतीला कान लावून उभा होता.

पाचवा मजला, टळटळीत दुपार. मी गच्चीवरच्या मशीन रूमकडे निघाले होते. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, गळ्यात सरकारी ओळखपत्र... आणि जिन्याच्या वळणावर हा एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस, डोळे मिटून, लिफ्टच्या बाजूच्या भिंतीला गाल टेकवून. मी खाकरले. त्यानं डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

आणि मी गप्प राहिले. का, ते मला आजही सांगता येत नाही. निरीक्षकाला असं कोणी गप्प करत नाही. उलट मी आले की लोक जरा जास्तच बोलायला लागतात.

"गेला," तो डोळे उघडून म्हणाला. "तुम्ही खाकरलात ना, नेमका तेव्हाच आला होता."

"कोण आला होता?"

"आवाज." मग त्याचं लक्ष माझ्या ओळखपत्राकडे गेलं. "लिफ्ट निरीक्षक... म्हणजे असे खरंच असतात?"

"असतात. आणि दिवसभर वर-खाली करतात. तो विनोद माझा ऐकून झालाय."

"मी तो करणार नव्हतो," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "मी विचारणार होतो, लिफ्टमध्ये शिरल्यावर तुम्ही आधी काय बघता?"

मी जरा थबकले. हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. मला बघायला आलेल्या मुलांनीही नाही. त्यांना फक्त बदली कुठे होते यात रस असायचा.

"माणसं बघते," मी म्हणाले. "लिफ्टवर विश्वास असला की माणसं बटणाकडे बघतात. नसला की छताकडे."

तो हसला. त्याचा आवाज असा होता की वाटावं, हा माणूस शेजारच्या खोलीत बोलत असला तरी आपण हातातलं काम थांबवून ऐकू.

तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले. माझ्यासोबत मशीन रूम बघायची त्यांना फार घाई होती. "मॅडम, तुम्ही चला. हा आमचा रेडिओ. माइकसमोर बसून पुस्तकं वाचतो, मग लोक ती मोबाईलवर ऐकतात. दिवसभर बंद खोलीत बसून कान फार तयार झालेत त्याचे. नसलेले आवाजसुद्धा ऐकू येतात."

रेडिओनं खांदे उडवले. "तीन वेळा तक्रार केली. मेस्त्री येतात, लिफ्टमध्ये बसतात, वर-खाली करतात, काही ऐकू येत नाही म्हणतात. आणि जातात."

"काही नसेल तर काय ऐकू येणार?" सेक्रेटरी म्हणाले.

मी मशीन रूम पाहिली. मोटर, मोठी पुली, तिच्यावरून जाणारे दोर, ब्रेक. पुलीच्या खाचा थोड्या झिजलेल्या वाटल्या, पण जुन्या लिफ्टला तेवढं असतंच. मेस्त्रीसोबत लिफ्टमध्ये बसून मी चार खेपा केल्या. लिफ्ट शहाण्या मुलासारखी वागली. मला परत जायला काहीच हरकत नव्हती.

पण गेले नाही. मी पाचव्या मजल्यावर उतरले आणि त्याची बेल दाबली.

आता खरं सांगायचं तर, आवाजाचं कुतूहल जास्त होतं की आवाजवाल्याचं, हे मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

दार एका वयस्कर गृहस्थांनी उघडलं. हातात वॉकर, अंगात इस्त्रीचा शर्ट. ते त्याचे बाबा. जन्मभर बस चालवली होती, आणि नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. "लिफ्टवाल्या बाई ना? या. तो खोलीत आहे, पण त्याला हाक मारायची नाही, दिवा दाखवायचा," ते म्हणाले आणि भिंतीवरचं एक बटण दाबलं. आतल्या बंद दाराच्या फटीतून लाल उजेड लुकलुकला, आणि रेडिओ बाहेर आला.

"आवाज कधी येतो?" मी विचारलं. "चढताना की उतरताना?"

"उतरताना. पण दर वेळी नाही."

"गर्दीच्या वेळी?"

"नाही... उलट." तो विचार करत थांबला. "दुपारी. सगळे झोपलेले असतात तेव्हा. खालून कोणीतरी बोलावतं आणि लिफ्ट इथून निघते..."

"रिकामी," मी म्हणाले.

"हो. रिकामी."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. माझ्या अंगावर बारीकसा काटा आला, आणि तो पूर्णपणे कामाचा काटा होता. निदान बराचसा.

लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला एक जड वजन असतं. लिफ्टमध्ये माणसं असली की दोन्ही बाजू साधारण बरोबरीच्या होतात. पण लिफ्ट रिकामी असली की ते वजन भारी पडतं, आणि रिकामी लिफ्ट खाली न्यायची म्हणजे ते वजन वर ओढायचं. तेव्हा पुलीवर दोराची पकड सगळ्यात जास्त लागते, आणि खाचा झिजल्या असतील तर दोर घसरतो. आवाज तेव्हाच येत असेल, तर लिफ्टमध्ये बसून तो कोणाला कधीच ऐकू येणार नाही. ऐकायला माणूस आत शिरला, की आवाज गेलाच.

"मला इथून ऐकावं लागेल," मी म्हणाले.

त्याची खोली म्हणजे लिफ्टच्या भिंतीला लागून असलेली एक लहानशी अडगळीची खोली होती. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, मध्ये टेबल, माइक, आणि एकच खुर्ची. त्यानं खुर्ची मला दिली आणि स्वतः खाली जमिनीवर मांडी घालून बसला. हेडफोनही एकच होता. तोही मला दिला.

"तुम्हाला कसं ऐकू येणार?"

"मला सवय आहे," तो म्हणाला. "फक्त एक करा. बांगड्या..."

मी हातातल्या दोन बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या. त्यानं दार लावलं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. हेडफोनमधून मला माझा श्वास ऐकू येत होता, आणि थोडा वेळ गेल्यावर त्याचाही. आम्ही वाट बघत होतो, खालून कोणीतरी लिफ्ट बोलावेल याची. पण सगळी इमारत झोपली होती. कोणी येईना. बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि खोली एवढीशी, की बघायला एकमेकांशिवाय काही नाही. मी गोधड्यांवरची ठिगळं बघितली. मग माइक बघितला. मग नाइलाजानं त्याच्याकडे बघितलं, तर तो आधीपासूनच माझ्याकडे बघत होता, आणि तोही नाइलाजानंच, असा चेहरा करून.

मला हसू यायला लागलं. त्यानं डोळ्यांनीच दटावलं. त्यामुळे आणखीच.

आणि तेवढ्यात त्यानं बोट वर केलं.

भिंतीपलीकडे, वर गच्चीत, मोटर जागी झाली. नेहमीची घरघर... आणि तिच्या आत, अगदी आत, कोणीतरी टेबलावरून रेशमी कापड ओढून घ्यावं तसं काहीतरी सरकलं. सर्रर्र. झालं. पुन्हा घरघर.

माझं हसू पार गेलं. मी हेडफोन काढला.

"आहे," मी म्हणाले.

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. किती तरी दिवस हा माणूस खोटा ठरत होता, आणि मी एका शब्दात त्याला खरं केलं होतं, हे मला त्याचा चेहरा बघून समजलं.

पुढचं काम गच्चीवरच्या मशीन रूममध्ये होतं. तोवर आभाळ भरून बाहेर पाऊस भुरभुरायला लागला होता. मेस्त्री आणि मी पुलीवर आणि दोरांवर मिळून खडूनं एक आडवी रेघ ओढली. दोर घसरत नसतील तर लिफ्ट खाली जाऊन परत आल्यावर रेघ पुन्हा जुळायला हवी. मी रेडिओला फोन करून सांगितलं, "आत कोणी नको. रिकामीच सोडा."

लिफ्ट गेली. परत आली. दोरांवरची रेघ होती तिथं आली, पुलीवरची वीतभर सरकली होती.

मेस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढली. "बाई, शपथेवर सांगतो, मी खरंच बसून बघितलं होतं."

"माहितीये. मीही बसूनच बघितलं होतं."

मी लिफ्टचा मेन स्विच बंद केला आणि त्यावर सील लावलं. पुली बदलल्याशिवाय लिफ्ट सुरू करायची नाही. खाली आले तर रेडिओ पाचव्या मजल्यावरच उभा होता. केसांवर हात फिरवत, कसं विचारावं या विचारात.

"किती दिवस लागतील?"

"पुली मागवावी लागेल. काही आठवडे तरी."

"बाबांना एक दिवसाआड व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं." तो घुटमळला. "दोन दिवस... फक्त दोन दिवस थांबता आलं नसतं का? मी दुसरी काही सोय केली असती."

वाईट मला खूप वाटलं. पण उत्तर एकच होतं. "नाही."

त्यानं मग मान हलवली. "बरं झालं विचारलं. आणि बरं झालं तुम्ही नाही म्हणालात. हो म्हणाला असतात तर मी रात्रभर विचार करत बसलो असतो, की या बाई कशा आहेत."

"आणि आता?"

"आता वेगळाच विचार करत बसेन," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्याला कळलं. त्याचे कान लाल झाले.

आतून बाबांचा आवाज आला. "ब्रेक धरत नसेल तर गाडी डेपोबाहेर काढायची नाही. त्यात चर्चा कसली करतोयस?"

घरी मी ताईला गाठलं. ताई फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन लोकांकडून व्यायाम करून घेते. मी तिला पत्ता दिला.

"पाचवा मजला? आणि लिफ्ट?"

"बंद आहे."

"कोणी केली?"

"मीच."

ताईनं माझ्याकडे नीट बघितलं. धाकट्या बहिणीला असं फक्त मोठी बहीणच बघू शकते. "म्हणजे तू लिफ्ट बंद करायची आणि मी जिने चढायचे. बरं. घरात कोण कोण असतं?"

"ते काका आहेत. आणि त्यांचा मुलगा."

"मुलगा," ताई म्हणाली. बाकी काही नाही.

ती जाऊ लागली. परत आली की मी सहज विचारल्यासारखं विचारायचे. काकांचा पाय कसा आहे? पाय छान आहे, म्हणायची. "आणि मुलगा हमाली करतोय. त्याच्या तक्रारीमुळे लिफ्ट बंद झाली म्हणून अख्खी इमारत त्याच्यावर डाफरते. हा सगळ्यांच्या पिशव्या उचलून वर नेऊन देतो. सिलिंडरसुद्धा. दम लागतो, मग आवाज फाटतो, मग पुस्तक राहतं."

"माझ्याबद्दल काही विचारतो का?"

"अजिबात नाही. माझ्या कॉलेजचं विचारतो, आईच्या गुडघ्यांचं विचारतो, आपल्या गल्लीतल्या दिव्यांचं विचारतो. तुझं नाव निघालं की पाणी आणायला जातो."

मी कामाच्या निमित्तानं दोनदा त्या इमारतीत गेले. सील नीट आहे का, पुलीचं काय झालं, हे बघायला. दोन्ही वेळा तो मला जिन्यातच भेटला. एकदा हातात कोणाच्या तरी घरचं गव्हाचं पोतं होतं. चौथ्या मजल्याच्या कठड्याला टेकून आम्ही बोलत राहिलो. पुस्तकातला म्हातारा बोलताना तो आवाज कुठून काढतो, ते त्यानं मला दाखवलं. बरगडीखालून. मी त्याला सांगितलं, की लोक लिफ्टमध्ये अडकतात तेव्हा आधी सगळे मोबाईल काढतात, आणि बोलायला मात्र शेजारच्या अनोळखी माणसाशीच लागतात.

"तुम्ही कधी अडकलात?"

"बऱ्याचदा."

"कोणाबरोबर?"

"बहुतेक वेळा मेस्त्रीबरोबर."

"मेस्त्री नशीबवान आहेत," तो म्हणाला, आणि पोतं खांद्यावर टाकून भराभर वर निघून गेला. मी तिथंच, कठड्याला धरून.

नवी पुली बसली. फेरतपासणीसाठी अर्ज आमच्या ऑफिसात आला, आणि त्याच्यासोबत सेक्रेटरीही आले. "मॅडम, आता तुम्हीच या. पास करून टाका. तुमच्या ताई तिथं, तुम्हीही येता-जाता... आता घरचंच काम म्हणायचं."

ते हसत गेले. मला मात्र कोणीतरी गालावर बोटं उमटवून गेल्यासारखं झालं. त्यांना काय म्हणायचंय हे कळलं म्हणून नाही. त्यांचं चुकलं नव्हतं म्हणून. ती लिफ्ट सुरू व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि ज्याला असं वाटतं त्यानं तपासणी करायची नसते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब निवृत्तीला आलेले, कधी आवाज न चढवणारे.

"सर, ही तपासणी मला नको. दुसऱ्या कोणाला द्या."

"का?"

"मला निःपक्षपाती राहता येणार नाही."

"कोणाच्या बाजूनं?"

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाचव्या मजल्याच्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ज्याला आवाज ऐकू आला तो?"

"हो."

"त्याला माहितीये?"

"नाही."

"म्हणजे ऑफिसला आधी कळवलं." ते बराच वेळ टेबलाकडे बघत बसले. मला वाटतं, ते हसू आवरत होते. "बरं. मीच जातो. फार दिवसांत गच्चीवर गेलो नाही. पण एक सांगतो, काही कमी आढळलं तर मी पास करणार नाही."

"करूही नका."

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वतःशी कबूल करणं वेगळं. मी ते साहेबांच्या टेबलासमोर बोलून बसले होते. आणि त्याच्या मनात काही नसेल तर? जिन्यात बोलणं, कान लाल होणं... काही माणसांचे कान उन्हानंही लाल होतात.

दुसऱ्या दिवशी साहेब दुपारी परत आले. "पास," एवढंच म्हणाले, आणि मग दारातून वळून, "त्या घरात तुमची चौकशी झाली. तुम्ही का आला नाहीत म्हणून. मी म्हटलं, ते त्यांनाच विचारा."

ऑफिस सुटल्यावर मी गेले. ओळखपत्र ऑफिसातच काढून ठेवलं होतं. गळा मोकळा मोकळा वाटत होता. लिफ्टनं पाचव्या मजल्यावर गेले. दार उघडलं तर समोर दोघंही. काका वॉकर घेऊन तयार, आज किती तरी दिवसांनी खाली उतरणार म्हणून भांग पाडलेला. रेडिओ त्यांच्या मागे.

"या," काका म्हणाले, जणू लिफ्ट त्यांचंच घर होतं, आणि आत शिरले. आम्ही तिघं खाली आलो. तळमजल्यावर दार उघडलं तसे काका बाहेर पडले, आणि त्यांचा मुलगा मागोमाग निघाला, तेव्हा वॉकरच्या टोकानं त्यांनी त्याला अडवलं.

"तू कुठे? मी दारातल्या बाकावर बसतोय. माझं मला जमतं." मग माझ्याकडे वळून, "पोरी, हा दिवसभर दुसऱ्यांचं वाचतो. स्वतःचं एक वाक्य आठवडाभर घोकतोय. एवढं ऐकून घे, म्हणजे घरात शांतता होईल."

ते वॉकर टेकवत गेले. लिफ्टचं दार लागलं. आत आम्ही दोघं.

"साहेब म्हणाले, तुम्हालाच विचारा," तो म्हणाला. आवाज बरगडीखालून नाही, कुठून तरी फार वरून येत होता. "का नाही आलात?"

"ज्या इमारतीत आपलं माणूस राहतं, तिथली तपासणी करायची नसते." मी त्याच्या शर्टाच्या बटणाशी बोलत होते. "नियम आहे."

"आपलं माणूस... म्हणजे, बाबा? ताई त्यांच्याकडे येतात म्हणून?"

"बाबासुद्धा."

मी वर बघितलं. असा आवाज असलेल्या माणसाला शब्द सापडत नव्हते, आणि ते बघण्यासारखं होतं.

"मी... हे मी किती तरी पुस्तकांत वाचून दाखवलंय," तो म्हणाला. "पावसात, बागेत, आगबोटीवरसुद्धा. प्रत्येक वेळी चांगलं जमलं. आता... मला तू... म्हणजे, तुम्ही..."

"तू चालेल."

"तू आवडतेस," तो म्हणाला. "खूप. त्या दिवशी नाही म्हणालीस ना, तेव्हापासून."

"आणि मी त्याच्या आधीपासून," मी म्हणाले. "तुझ्या खोलीत हसू आलं तेव्हापासून."

त्यानं माझा हात हातात घेतला. सावकाश, विचारल्यासारखा. मी बोटं मिटून घेतली. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. दिवा होता, पंखा फिरत होता, बाहेरून काकांचं कोणाशी तरी बोलणं पुसटसं ऐकू येत होतं.

मग तो हळूच म्हणाला, "ऐक ना... ही बंद पडली का?"

मी पॅनेलकडे पाहिलं. "नाही. आपण बटणच दाबलेलं नाही."

"मग आता?"

"कोणीतरी बोलावेलच वरून," मी म्हणाले, आणि दोघंही तसेच उभे राहिलो.